जबड्याचे यंत्र

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण दात गेलेल्या माणसाला पुन्हा चणे खाता यावेत म्हणून किती बारीक काम करावे लागते, हे मला माझ्या मामांमुळे कळले. ते माणिकपूरला कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत कारागीर आहेत. त्यांच्या टेबलावर दोन बाहूंचे एक धातूचे यंत्र असते. त्याला आर्टिक्युलेटर म्हणतात.

रुग्ण असतो दवाखान्यात आणि कवळी तयार होते प्रयोगशाळेत. म्हणून मापावरून वरच्या व खालच्या जबड्याची प्लास्टरची मॉडेले करून ती या यंत्रावर बसवतात. कारागिराच्या दृष्टीने हेच रुग्णाचे तोंड!

आपला जबडा दारासारखा नुसता उघडमीट करीत नाही. आपल्या वसईची सुकेळी चावताना कानापुढे बोट ठेवून पाहा. जबडा पुढे येतो, बाजूला सरकतो, आणि सांधा उतारावरून घसरल्यासारखा जाणवतो. बॉनविल या अमेरिकन दंतवैद्याने १८५८ साली केलेले यंत्र सुमारे ४ इंची समभुज त्रिकोणावर आधारलेले होते. दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य हे त्या त्रिकोणाचे तीन बिंदू. पण ही झाली सरासरी. सांध्याचा उतार माणसागणिक वेगळा असतो. म्हणून पुढील यंत्रांत तो कोन बदलण्याची सोय झाली.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्र ‘शून्यावर’ आणावे लागते. प्रथम सांध्याच्या गोळ्यांवरचे व पुढच्या पिनेखालचे प्लास्टरचे कण पुसून काढायचे. मग पीन शून्याच्या खुणेवर घट्ट करायची. दोन्ही गोळे मागे पूर्ण टेकले पाहिजेत, आणि वरचा बाहू हाताने हलवला तर आडवा खेळ जाणवता कामा नये. खेळ असेल तर पुढची सारी मापे व्यर्थ.

त्यानंतर फेसबो नावाच्या चौकटीने सांध्यापासून वरच्या जबड्याचे अंतर घेऊन वरचे मॉडेल बसवतात. खालचे मॉडेल मेणाच्या चाव्यावरून बसते. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते. म्हणून ते बेताने वापरायचे आणि पीन टेकलेली आहे ना, हे पुन्हा पाहायचे.

आता कोन. रुग्णाला जबडा सुमारे ६ मिलिमीटर पुढे आणायला सांगून डॉक्टर मेणाचा दुसरा चावा घेतात. तो मॉडेलांमध्ये ठेवून सांध्याचे स्क्रू सैल करायचे, आणि मॉडेले मेणात फट न राहता बसेपर्यंत उतार फिरवायचा. तेथे जो अंश दिसेल तो रुग्णाचा. बाजूच्या हालचालीसाठी हनाऊ या अभियंत्याचे सूत्र आहे: उताराला ८ ने भागून १२ मिळवा. उतार ३२ अंश असेल, तर उत्तर १६ अंश.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. दाराच्या बिजागरीजवळ बारीक खडा अडकला, तरी कडीकडे बोटभर फट राहते. तसेच मागची एक दाढ किंचित उंच राहिली, की पुढचे दात मिटतच नाहीत. कवळी डुगडुगते आणि हिरडी सोलते. आमच्या शेजारच्या आजींची पहिली कवळी अशीच डबीत पडून राहिली. त्या दूधभात खात आणि जेवणाच्या पंगतीला बसणे टाळत. हिशेब बिघडला होता मिलिमीटरच्या अंशाचा. पण सुटली ती चार माणसांतली जागा.

अर्थात यंत्र म्हणजे जिवंत जबडा नव्हे. खऱ्या सांध्याचा उतार वळणदार असतो, मेणाचा चावा त्याचा एकच टप्पा सांगतो. म्हणून शेवटची परीक्षा रुग्णाच्या तोंडातच, रंगीत कागद चावायला देऊन होते. परंतु यंत्र नीट लावलेले असेल, तर तेथे घासण्याजोगे थोडेच उरते.

आता संगणकावरही जबड्याची हालचाल उभी करता येते. तेथेही कोन कोणीतरी मोजूनच भरावा लागतो. मामा म्हणतात, “यंत्र कधी तक्रार करीत नाही, म्हणून त्याला रोज विचारावे लागते.” कवळीच्या डबीवर कारागिराचे नाव नसते, पण म्हाताऱ्या माणसाच्या प्रत्येक घासामागे सकाळी पाहिलेली ती शून्याची खूण असते.