दार बंद झालं, आता पुढे काय?

रिझल्ट लागतो. लिस्टमध्ये आपला नंबर शोधताना हात थरथरतात आणि कटऑफ चार मार्कांनी हुकल्याचं कळतं. घरचे म्हणतात, 'असू दे, पुन्हा दे परीक्षा.' दोन दिवसांनी मित्रमैत्रिणींच्या स्टेटसवर नव्या कॉलेजच्या गेटसमोरचे फोटो दिसायला लागतात. रात्री झोप येत नाही. आता काय, हा एकच प्रश्न डोक्यात घुमत राहतो. तुम्ही देव मानणारे असाल तर त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो. एवढी प्रार्थना केली, मग देवानं ऐकलं का नाही?

हा दुसरा प्रश्न विचारायला अनेकांना भीती वाटते. असं विचारलं म्हणजे आपली श्रद्धा कच्ची, असं कुणीतरी मनात भरवलेलं असतं. म्हणूनच आज पंडिता रमाबाईंची ओळख नव्यानं करून घेऊ या. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना 'समाजसुधारक' म्हणून भेटला असाल, दोन मार्कांच्या उत्तरापुरत्या. पण त्यांच्या आयुष्यात किती दारं बंद झाली आणि त्या प्रत्येक वेळी त्यांची श्रद्धा कशी वागली, हे त्या दोन मार्कांत मावत नाही.

चोविशीच्या आत

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी आधी बायकोला शिकवलं, मग आईनं रमाला शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरायचं. दुष्काळ पडला आणि 1874 च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेले. रमा तेव्हा सोळा वर्षांची, म्हणजे आजच्या अकरावीतल्या मुलीएवढी.

ती आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले. कलकत्त्यात तिच्या विद्वत्तेनं तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिला तिथेच मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि 1882 च्या सुरुवातीला कॉलऱ्यानं नवराही गेला.

म्हणजे चोविशी गाठण्याआधीच आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले आणि कडेवर वर्षाचीही न झालेली पोर. आपल्याला 'सगळं संपलं' असं वाटतं, तेव्हा त्या शब्दांचा खरा अर्थ काय असतो, हे या बाईला माहीत होतं.

डॉक्टर व्हायचं होतं, पण...

रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज सुरू केला. बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, असं हंटर कमिशनसमोर ठामपणे सांगितलं. आपणच डॉक्टर व्हायचं ठरवून 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. तिथे गेल्यावर काय झालं? त्यांना ऐकू कमी यायचं. तो त्रास वाढला आणि मेडिकलचं दार बंद झालं. त्याच सुमारास त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीनं परक्या देशात आपलं आयुष्य संपवलं.

याच वर्षी, सप्टेंबर 1883 मध्ये, वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. 'दु:खानं खचल्या आणि धर्म बदलला', असं सोपं उत्तर इथे चालत नाही. लूकचं शुभवर्तमान त्यांनी नवऱ्याच्या घरी असतानाच वाचलं होतं. इंग्लंडमध्ये त्यांना सिस्टर्सचं एक काम बघायला मिळालं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना या सिस्टर्स मायेनं सांभाळत होत्या. हे असं का करतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट सांगण्यात आली. सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या बाईशी तो बरोबरीनं बोलतो, हे त्यांच्या मनाला भिडलं. त्यांच्या विश्वासाची सुरुवात चमत्कारातून नाही, तर अशा वागणुकीतून झाली.

डॉक्टर होता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी शिक्षणाची वाट धरली. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वत: शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवलंही.

प्रश्न विचारणारी श्रद्धा

बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाई गप्प बसल्या, असं मुळीच नाही. ज्यांनी आधार दिला त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीच त्यांनी पत्रांतून जोरदार वाद घातला. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, त्यांनी तसं लिहिलं. मी चर्चची सदस्य झाले म्हणून माझी विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

आपल्या आठवणींत त्या एक मोठी प्रांजळ गोष्ट सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय. विचार करा. बाहेरून जगभर नाव, व्याख्यानं, पुस्तकं आणि आत मात्र रितेपण. आपल्यापैकी कितीजण इन्स्टावर हसतात आणि खोलीत एकटे असताना कोसळतात? ते रितेपण रमाबाईंनी लपवलं नाही. त्या वाचत, शोधत, प्रार्थना करत राहिल्या आणि मग देव आपल्याला आहे तसं स्वीकारतो, हे त्यांना आतून उमगलं.

बायबलमध्येही ही प्रामाणिक तक्रार जागोजागी दिसते. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी चक्क देवाकडे केलेली गाऱ्हाणी आहेत. ईयोब देवाला जाब विचारतो. पौलाच्या शरीरात एक सल होता, तो जावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली. तो गेला नाही. त्याला मिळालं ते तो सल घेऊन जगण्याचं बळ. खुद्द येशूनं गेथशेमाने बागेत हे दु:ख टळावं अशी प्रार्थना केली आणि ते टळलं नाही. तेव्हा 'विश्वास ठेव, सगळं मनासारखं होईल' असं कुणी सांगत असेल, तर ते बायबलचं म्हणणं नाही.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू

1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. 'एसएनडीटी'चे संस्थापक धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे याच सदनात शिकल्या. पण 1893 मध्ये वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाला दोन बाजू आहेत आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्या दोन्ही वाचायलाच हव्यात. रमाबाईंपुरतं मात्र हे आणखी एक बंद दार होतं.

तीनच वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. एकेकाळी त्या स्वत: अशाच मुलींपैकी एक होत्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम, छपाई असं सगळं मुली शिकू लागल्या, अंध मुलींसाठीही सोय झाली. बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेही ऐकू येत नसताना. 1921 मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर वर्षभराच्या आतच, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचं काम चालूच होतं.

मग तुम्ही काय कराल?

तुम्ही ख्रिस्ती असा, दुसऱ्या धर्माचे असा किंवा देव न मानणारे, रमाबाईंकडून तीन गोष्टी घेता येतात.

एक, प्रश्न दाबू नका. चर्चमध्ये, घरी, वहीत, जिथे जमेल तिथे मांडा. प्रार्थनेत रडलात, चिडलात तरी ती प्रार्थनाच असते.

दोन, एक दार बंद झालं की त्यावरच डोकं आपटत बसू नका. डॉक्टर होता आलं नाही, पण बायकांसाठी काम करायचं हा रमाबाईंचा मूळ हेतू शाबूत राहिला. तुमचा मूळ हेतू काय आहे, तो कागदावर लिहा. तिथे पोचायला दुसरा रस्ता असतो का, ते शोधा.

तीन, एकटे राहू नका. सिस्टर्स, मैत्रिणी, पुढे केडगावच्या मुली, रमाबाईंच्या भोवती कायम माणसं होती. मन फारच जड झालं, जगणं नकोसं वाटलं, तर पास्टरशी, शिक्षकांशी, आईबाबांशी बोला आणि 14416 या टेली-मानसच्या मोफत सरकारी नंबरवर फोन करा. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. ताप आला की आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो, तसंच हे.

आणि कधी पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात तर मध्ये केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशनचं काम तिथे आजही चालू आहे.