चर्चमधील मॉनिटरची घरघर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गायनवृंदाला स्वतःचे गायन ऐकू यावे म्हणून वेदीजवळ गायकांकडे तोंड करून जो स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. आणि तो घरघरू लागला की स्पीकरच बिघडला, असे मानून त्याची रवानगी थेट दुरुस्तीला होते. ही घाई बहुधा अनाठायी असते. मॉनिटरचा आवाज कमी करून त्याला जोडलेली सिग्नलची केबल काढावी आणि आवाज पुन्हा वाढवावा. घरघर तशीच राहिली तर दोष मॉनिटरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात असतो, ती थांबली तर मात्र ती केबलवाटे बाहेरून येत असते.

बाहेरून येणाऱ्या घरघरीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ग्राउंड लूप. मिक्सर चर्चच्या मागच्या टोकाला आणि मॉनिटर वेदीपाशी, दोघांची वीज वेगवेगळ्या सॉकेटमधून, अशी मांडणी असली की दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये किंचित विद्युतदाबाचा फरक पडतो आणि केबलच्या शील्डमधून, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीमधून, नको असलेला प्रवाह वाहू लागतो. भारतातील वीज 50 हर्ट्झची असल्याने तीच कंपनसंख्या आणि तिच्या 100, 150 अशा पटी ऐकू येतात. यावर थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो सर्रास उपाय केला जातो, त्याने घरघर कधीकधी खरोखरच थांबते, आणि म्हणूनच तो टिकून आहे; परंतु आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर तो प्रवाह केबलच्या शील्डमधून किंवा पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे वाट काढतो. अशा शांततेपेक्षा घरघर बरी, ती यासाठी. मिक्सर आणि मॉनिटर यांना एकाच ठिकाणाहून वीज देणे, किंवा सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणे, हे सुरक्षित मार्ग होत.

बॅलन्स्ड केबल वापरली की व्यत्यय येत नाही, हा समज अर्धवट आहे. अशा केबलमधील दोन तारांतून एकच सिग्नल परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो आणि पुढील यंत्र त्यांतील फरक घेत असल्याने दोन्ही तारांवर सारखाच आलेला व्यत्यय वजा होतो. मात्र कीबोर्डसारख्या वाद्याचे आउटपुट बहुतेकदा अनबॅलन्स्ड असल्याने तेथे तो सिग्नल बॅलन्स्ड करणारा डीआय बॉक्स लागतो, ज्याचे ग्राउंड लिफ्टचे बटण केवळ सिग्नलचे शील्ड तोडते, विजेचे अर्थिंग नव्हे.

सतत ‘सऽऽस’ असा आवाज येणे ही निराळी तक्रार असून, मिक्सरवर माइकचा गेन कमी आणि मॉनिटर मात्र पूर्ण उघडा, हे तिचे सामान्य कारण असते. गेन वाढवला तर आवाज अधिकच खराब होईल ही भीती येथे उलटी ठरते.

शिटीसारखा फीडबॅक हा तर यंत्राचा दोषच नव्हे. मॉनिटरचा ध्वनी माइकमध्ये शिरून पुनःपुन्हा वाढत जाण्याचा तो परिणाम आहे. कार्डिऑइड माइकला त्याच्या नेमक्या मागून सर्वांत कमी ऐकू येते, तर सुपरकार्डिऑइडला समोरच्या दिशेपासून सुमारे 125 अंशांवर, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात मॉनिटर किंचित बाजूला सरकवावा लागतो. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वी मिळणारी आवाजाची मर्यादा सुमारे 3 डेसिबलने घटते, म्हणून प्रवचनाच्या वेळी गायनवृंदाचे माइक बंद ठेवावेत.