भांडं, भैरवी आणि कातळावरचा हत्ती : कलेच्या बारा गोष्टी

कला कशाला म्हणायचं हे ठरवायला कोर्ट बसलं, समित्या बसल्या, मोठमोठे लेखक एकमेकांशी भांडले. व्याख्या काही पक्की झाली नाही. माणसाची कलेची भूक मात्र हजारो वर्षांत तसूभरही कमी झालेली नाही. पटत नसेल तर या बारा खऱ्या गोष्टी वाचा!

१. पक्षी की भांडं?
१९२६ साली कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराचं 'बर्ड इन स्पेस' हे झळझळीत ब्राँझचं शिल्प जहाजाने न्यूयॉर्कला पोचलं. कलाकृतीवर जकात नव्हती. पण कस्टमच्या अधिकाऱ्यांना त्यात ना चोच दिसली, ना पंख. त्यांनी ते 'स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान' या वर्गात टाकलं आणि वर ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं. हा पक्षी जंगलात दिसला तर त्याच्यावर बंदूक चालवाल का, असंही एका साक्षीदाराला विचारलं गेलं. १९२८ मध्ये निकाल लागला : कलेत वस्तू हुबेहूब दिसायलाच हवी असं नाही, हे शिल्पच आहे. जकात माफ!

२. पोपटाला बोलतं करणं हीसुद्धा कलाच
'चौसष्ट कला' आपण सहज म्हणतो, पण वात्स्यायनाच्या कामसूत्रातली यादी कधी पाहिली आहे? गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला यांनी ती सुरू होते. पुढे हार गुंफणं, अंथरूण सजवणं, कोडी घालणं, सुतारकाम, बागकाम, रत्नपारख आणि पोपट-मैनांना बोलायला शिकवणं, सगळं एकाच पंगतीत! 'उच्च' कला आणि हातचं कसब यांच्यात तिथे भिंतच नाही.

३. मूर्ती घडवायची? आधी गायला शिका
विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र नावाचा राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकायला जातो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्रकला यायला हवी. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वादन आणि वादनासाठी गायन. म्हणजे दगडातल्या देवाची सुरुवात गळ्यातल्या सुरापासून! एक कला दुसरीच्या आधाराने उभी राहते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितलं असेल.

४. चित्र काढा, ऑलिंपिक पदक जिंका
१९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, साहित्य आणि संगीत यांनाही पदकं मिळत. अट एकच, विषय खेळाशी जोडलेला हवा. पहिल्याच वर्षी साहित्याचं सुवर्णपदक पटकावलं ते टोपणनावाने कविता पाठवणाऱ्या पिअर द कुबर्तँ यांनी, म्हणजे आधुनिक ऑलिंपिकच्या जनकानेच. आयर्लंडला स्वतंत्र देश म्हणून पहिलं पदक १९२४ मध्ये मिळालं, तेही धावून किंवा पोहून नव्हे. जॅक येट्स यांच्या चित्राने ते रौप्यपदक आणलं.

५. फडके विरुद्ध खांडेकर
कला कशासाठी, हा प्रश्न मराठीत तावातावाने लढवला गेला. ना. सी. फडके म्हणत, कला कलेसाठी. वाचकाला आनंद दिला की तिचं काम झालं. वि. स. खांडेकर म्हणत, कला जीवनासाठी. तिने माणसाच्या दुःखाकडे पाठ फिरवता कामा नये. कादंबऱ्यांवरून पेटलेल्या या वादात वाचकांनीही बाजू घेतल्या. गंमत अशी, की त्याच वाचकांनी दोघांच्याही कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या. आनंदही हवा आणि आधारही हवा, हा वाचकांचा निकाल मला दोन्ही पक्षांपेक्षा शहाणा वाटतो.

६. आधी चित्र, मग शेती
इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत रानडुक्कर आणि त्याच्याभोवती तीन माणसांसारख्या आकृती रंगवल्या आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेलं त्यांचं वय : किमान ५१,२०० वर्षं. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली, तीही ३५ हजार वर्षांहून जुनी. शेती सुरू होऊन जेमतेम बारा हजार वर्षं झाली. 'पोट भरलं की कला सुचते' म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत. धान्याची कोठारं नव्हती, घरं नव्हती, तेव्हाही माणूस गोष्ट रंगवत होता आणि सूर शोधत होता.

७. कोकणच्या सड्यावरचा हत्ती
रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्या कातळात एक हत्ती कोरला आहे. आकार सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर! त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातल्या या कातळशिल्पांत एकशिंगी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. कोरणाऱ्यांनी नाव ठेवलं नाही, लिपी ठेवली नाही. तरी त्यांनी काय पाहिलं होतं, ते आपल्याला कळतं.

८. चौक नाही, तर लग्न नाही
वारली घरात लग्न ठरलं की सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात. मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेषा कागदावर आणली, ती जगभर पोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती कुर्त्यांवर आणि कपबश्यांवर दिसते. पण मुळात ती शोभेसाठी काढलेलीच नव्हती. देवतेला लग्नघरी आणण्याचं काम तिचं!

९. लक्ष्मी छापखान्यातून घरी आली
राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांतल्या देव्हाऱ्यांत पोचल्या. ज्यांना देवळात पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, त्यांनाही देवीचं रंगीत रूप घरात लावता आलं. याच छापखान्यासाठी पुढे काम केलं एका त्र्यंबकेश्वरच्या माणसाने. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्यांनी देवादिकांच्या कथा पडद्यावर चालत्या केल्या!

१०. रिकाम्या भिंतीसाठी रांग
२१ ऑगस्ट १९११. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली. संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा लोकांनी रांगा लावल्या त्या चित्राची मोकळी जागा पाहायला! त्या गर्दीत लेखक फ्रांझ काफ्काही होता. चित्र १९१३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सापडलं. भिंतीवर चित्र होतं तेव्हा त्याच्यासमोरून न थांबता पुढे गेलेले कितीतरी जण असतील. ते गेल्यावर मात्र शहराला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

११. बॉम्बवर्षावात महिन्याला एक चित्र
दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या एका खाणीत लपवली होती. गॅलरी ओकीबोकी. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथे दुपारच्या मैफली सुरू केल्या, आणि बॉम्ब पडत असतानाही लोक येत राहिले. मग १९४२ मध्ये वर्तमानपत्रात एक पत्र आलं : निदान एखादं तरी चित्र पाहू द्या! गॅलरीने ऐकलं. दर महिन्याला खाणीतून एकच चित्र लंडनला येऊ लागलं. रेशनवर जगणारी, झोप मोडलेली माणसं त्या एका चित्रासाठी वाट वाकडी करून येत. 'कला हवी कशाला' याचं याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही.

१२. केरीची भैरवी, ग्रहांच्या पल्याड
१९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. परग्रहावर कुणी असलंच, तर त्याला माणूस कळावा म्हणून. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे. भारतातर्फे सूर आहे गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांचा, साडेतीन मिनिटांची भैरवी. व्हॉयेजर-१ झेपावलं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. त्यांचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशातून प्रवास करतो आहे. अनोळखी जगाला स्वतःची ओळख करून द्यायची वेळ आली, तेव्हा माणसाने विज्ञानाच्या खुणांसोबत गाणं पाठवलं.

म्हणून या सुट्टीत एक करा. मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीत जा, तिकीट लागत नाही. कोकणात असाल तर कशेळीचा सडा गाठा. घरीच असाल तर केसरबाईंची भैरवी लावा. मुलांना सोबत घ्या आणि 'याचा अर्थ काय' असं विचारण्याआधी 'तुला यात काय दिसलं, काय ऐकू आलं' असं विचारा. व्याख्या पाठ नसली तरी चालेल; कला आपली व्हायला तेवढा एक प्रश्न पुरतो.