मांसाचा मऊपणा : वंश आणि वधोत्तर हाताळणी

मांस खावे की न खावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि विवेकाचा प्रश्न आहे. मध्य प्रदेशात २००४ च्या अधिनियमाने आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने गोवंशाच्या वधास बंदी आहे. आपल्याकडे बाजारात येते ते मांस म्हशीचे, शेळीमेंढीचे वा कोंबडीचे. परंतु स्नायूचे मांस कसे होते, याचे शास्त्र मूलतः सर्व जनावरांना एकच आहे. आणि त्याचा सर्वाधिक अभ्यास परदेशांत गाईबैलांवर झाला आहे.

प्रथम वंशाचा विचार करू. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची या वशिंडाच्या भारतीय जाती अमेरिकेत गेल्या व त्यांतून 'ब्राह्मण' ही जात घडविली गेली. ऊन आणि गोचीड सोसण्याचे सामर्थ्य हे तिचे मोठे गुण. मात्र तिचे मांस युरोपीय जातींच्या मानाने चिवट असते. त्याचे कारण असे : वधानंतर कॅल्पेन नावाचे एंझाइम स्नायूंचे तंतू हळूहळू तोडते, त्यास आवर घालणारे कॅल्पास्टॅटिन वशिंडाच्या जनावरांत अधिक असते.

तथापि वंशाने सर्व काही ठरत नाही. मृत्यूनंतर स्नायूतील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते आणि पीएच सातच्या आसपासून सुमारे ५.६ पर्यंत उतरतो. जनावर दूरच्या प्रवासाने थकलेले वा भेदरलेले असेल, तर ग्लायकोजेन आधीच सरलेले असते. मग आम्ल पुरेसे बनत नाही. मांस काळपट, चिकट राहते व लवकर नासते. म्हणजे जनावराला शांतपणे वागविणे हा केवळ भूतदयेचा प्रश्न नव्हे.

पुढची पायरी थंडाव्याची. १९६३ मध्ये न्यूझीलंडमधील लॉकर व हॅगयार्ड यांनी दाखवून दिले की, ताठरपणा येण्यापूर्वीच स्नायू फार थंड केला तर तो आखडतो आणि शिजविल्यावर चिवट लागतो. म्हणून तेथे थंड करण्याचा वेग सांभाळतात, धड योग्य रीतीने टांगतात आणि गोमांस एक-दोन आठवडे शीतगृहात मुरवितात.

आपल्याकडे मांस बहुधा वधाच्याच दिवशी विकले व शिजविले जाते. मुरण्यास अवधी मिळत नाही. ती उणीव स्वयंपाकघराने भरून काढली. कच्च्या पपईतील पपेन तंतू तोडते. पाया वा निहारी रात्रभर मंद आचेवर ठेवली की वयस्क जनावराच्या स्नायूंतील चिवट कोलॅजेनचे जिलेटिन होते. भोपाळच्या जुन्या शहरातील खानसाम्यांचा अनुभव आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष येथे एकत्र येतात.

गृहिणींना एक व्यावहारिक सूचना : रविवारी आणलेले ताजे मटण लगेच बर्फाच्या कप्प्यात टाकू नये. ते झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवावे आणि मगच गोठवावे.

तात्पर्य, वंश ही जन्माची देणगी असून ती बदलण्यास पिढ्या लागतात. हाताळणी मात्र आजच सुधारता येते. देशी जनावराच्या माथी चिवटपणाचा दोष मारण्यापूर्वी त्याला कसे आणले, कसे वागविले आणि पुढचे काही तास त्याच्या मांसाचे काय केले, हे विचारणे न्यायाचे ठरेल.