'निया' : आत्मप्रौढी आणि प्रयोजन

हिप-हॉपच्या मौखिक परंपरेत आत्मप्रौढी हा दोष नव्हे, तो संकेत आहे. कॅलिफोर्नियातील 'ब्लॅकॅलिशस' या जोडीचा 'निया' हा गीतसंग्रह तो संकेत मोडत नाही, वळवतो. सॅक्रामेंटो येथे शाळकरी वयात एकत्र आलेल्या गिफ्ट ऑफ गॅब (निधन २०२१) आणि चीफ एक्सेल यांनी तो २००० साली अमेरिकेत 'क्वानम' या मित्रमंडळानेच चालवलेल्या स्वतंत्र संस्थेमार्फत काढला. एक शब्दकार, एक डीजे ही विभागणीही जुन्या वळणाची.

'निया' या स्वाहिली शब्दाचा अर्थ प्रयोजन. आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या क्वांझा उत्सवातील सात तत्त्वांपैकी हे पाचवे. शीर्षकच असे असताना प्रवचनाचा धोका उघड आहे. 'डिसेप्शन' या यशाने बिघडलेल्या रॅपरच्या कथेत तो पुरता टळलेलाही नाही. 'ए टू जी'मध्ये मात्र वर्णमालेतील सात अक्षरे क्रमाने घेऊन प्रत्येकाभोवती अनुप्रास रचला आहे. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून 'निरोष्ठ रामायण' रचणारे मोरोपंत येथे मराठी अभ्यासकाला आठवतील. त्यांचे बंधन उच्चारस्थानाचे होते. गॅब यांच्यावर तालाचेही आहे, आणि ताल शब्द शोधायला उसंत देत नाही. येथे आत्मप्रौढी कसबातून सिद्ध करावी लागते.

याच संग्रहात निकी जिओव्हानी यांची आत्मगौरवाची सुप्रसिद्ध कविताही घेतली आहे. तिच्यातील 'मी' आफ्रिकेत जन्मलेली, अवघ्या संस्कृतीची जननी आहे. ती बढाई एकट्या व्यक्तीची उरत नाही.