खो-खोचे पंच कुठे उभे राहतात?

खो-खोला दोन पंच लागतात. मोठ्यांचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मधली पाटी असते. पाटीच्या एका बाजूचे एक पंच बघतात, दुसऱ्या बाजूचे दुसरे. मैदानाभोवती दीड मीटर मोकळी जागा ठेवतात. पंचांनी तिच्याही बाहेर उभे राहायचे, नाहीतर पळणारा त्यांनाच धडकेल.

आमच्या सामन्यात ऊन फार होते. एक पंच मोहाच्या सावलीत जाऊन बसले. मी त्याच बाजूला पळत होतो. पलीकडच्या पंचांनी शिट्टी वाजवली, मी बाद! पण माझा एक पाय रेषेच्या आत होता. दोन्ही पाय बाहेर गेले तरच बाद देतात. मध्ये आठ गडी बसलेले, त्यांच्या आडून माझा पाय दिसणार कसा? मी लय रडलो.

आता शाळेत आम्हीच पंच होतो. खेळ जिकडे जाईल तिकडे मी बाहेरून सरकत राहतो. परवा सगळी पोट्टी "बाद, बाद" ओरडली. मी वाकून पाय बघितला होता. बाद दिला नाही.