जन्माचे छंद – ९ : साठ वर्षं एकाच बेटावर

जर्मनीच्या किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, लाल दगडाच्या कड्यांचं हेलिगोलँड नावाचं बेट आहे. आकाराने जेमतेम चौरस किलोमीटरभर. १८३७ साली हाइनरिश गेट्के हे तरुण चित्रकार समुद्राची चित्रं काढायला तिथे उतरले. बेटावर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. पुढे गेट्के यांना गव्हर्नरच्या कचेरीत चिटणिसाची नोकरी मिळाली आणि ते तिथलेच झाले. १८९७ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही याच बेटावर. चित्रकार म्हणून त्यांची आज फारशी आठवण निघत नाही. पक्ष्यांच्या स्थलांतराचा विषय निघाला, की मात्र त्यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

मागच्या लेखांकात आपण घराच्या अंगणातून पक्षी पाहणाऱ्यांविषयी बोललो. मग बेटाचं एवढं काय? स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियातून दक्षिणेकडे निघालेले पक्षी रात्रीच्या रात्री उघडा समुद्र ओलांडत असतात. वारा उलटा फिरला, धुकं दाटलं, की मिळेल त्या जमिनीवर उतरणं भाग पडतं. मुख्य भूमीवर उतरलेला पक्षी रानात हरवून जातो. हेलिगोलँडच्या माथ्यावर त्या काळी झाडी जवळपास नव्हतीच, त्यामुळे आलेला पक्षी दिसायचाच. पाचेक ग्रॅम वजनाचा गोल्डक्रेस्ट समुद्र पार करून परसातल्या कोबीच्या वाफ्यात किडे टिपताना दिसावा, ही तिथल्या शरदातली नेहमीची गोष्ट.

बेटावरचे लोक दर्यावर्दी. कस्तुर पक्षी पकडून रांधायची त्यांची जुनी रीत होती, त्यामुळे पक्ष्यांची त्यांना चांगली जाण होती. वेगळं काही हाती लागलं, की ते गेट्के यांच्याकडे घेऊन यायचे. त्या काळी नेमकी ओळख पटवायची तर पक्षी मारूनच, हेही सांगायला हवं. गेट्के यांचा संग्रह पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा होता. पण त्यांची खरी कमाई म्हणजे रोजच्या नोंदी. वारा कुठला, ढग किती, कोण आलं, तरुण की प्रौढ, नर की मादी. अर्धशतकाच्या या नोंदींतून १८९१ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला.

त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. शरदाच्या स्थलांतरात बहुतेक जातींची त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं आधी निघतात आणि आईबाप मागाहून येतात, हे गेट्के यांनी ठामपणे मांडलं. मग पिल्लांना वाट कोण दाखवतं? याचं उत्तर १९५८ साली पेरडेक या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून बरंचसं हाती आलं. नेदरलँड्समध्ये पकडलेल्या साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना त्याने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडलं. प्रौढांनी चूक ओळखून वाट बदलली. पिल्लं मात्र उपजत दिशेलाच उडत राहिली आणि भलत्याच मुलखात पोचली.

गेट्के चुकलेही. नीलकंठी हा चिमुकला पक्षी आफ्रिकेहून एका रात्रीत हेलिगोलँडला पोचतो, असं त्यांनी लिहिलं. मधल्या प्रदेशात तो त्यांच्या माहितीत कुणाला दिसत नव्हता, म्हणून हा तर्क. स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते टिकलं. जिथे नजर पोचत नव्हती तिथे तर्क फसला.

आता पतंगांकडे वळू. १८८२ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ काही रात्री बेटावरून लाखोंच्या संख्येने पतंग जाताना गेट्के यांनी पाहिले आणि पक्ष्यांच्या ग्रंथात त्यांचीही नोंद केली. हा पतंग म्हणजे सिल्व्हर वाय. तपकिरी-करडा, पंख पसरले तर चारेक सेंटिमीटर, आणि पुढच्या पंखावर चांदीच्या तारेने काढल्यासारखं वाय अक्षर. उत्तर युरोपातली थंडी त्याला सोसत नाही, म्हणून दर वसंतात तो दक्षिणेकडून येतो आणि त्याची पुढची पिढी शरदात परत जाते. आकाशाकडे रोखलेल्या रडारच्या मदतीने इंग्लंड आणि स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये पक्षी आणि पतंग यांची तुलना केली. पतंगाचा स्वतःचा वेग लहान पक्ष्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. तरी जमिनीच्या हिशेबाने दोघेही ताशी ३० ते ६५ किलोमीटर वेगाने जातात, कारण पतंग पाठीवर चांगला वारा असेल त्याच रात्री निघतो.

म्हणूनच बेटांवरचे पक्षीनिरीक्षक रात्री प्रकाशसापळाही लावतात. हा शब्द आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की शेतातला सापळा किडीला मारण्यासाठी असतो आणि इथला पाहून सोडून देण्यासाठी. डब्यावर नरसाळं, नरसाळ्यावर प्रखर दिवा आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग दिव्याभोवती घुटमळत खाली घसरतो आणि ट्रेच्या खळग्यात निमूट बसून राहतो. सकाळी एकेक ट्रे अलगद उलटायचा, नाव आणि संख्या लिहायची आणि पाखरांच्या नजरेला पडणार नाहीत अशा गवतात पतंग सोडायचे. पतंग दिव्याभोवती का फिरतात, याचंही चांगलं उत्तर २०२४ मध्ये मिळालं. उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी उजेड आभाळातून येतो, तेव्हा वर-खालचं भान नीट राहतं. दिवा शेजारी आला, की पाठ तिकडे वळवता वळवता ते त्याच्याभोवतीच घिरट्या घालत राहतात. ढगाळ, बिनचांदण्याची रात्र या सापळ्याला सर्वांत चांगली. अशाच रात्री दीपगृहाच्या झोताशी पक्षीही अडकतात.

१९१० मध्ये हुगो वाइगोल्ड यांनी हेलिगोलँडवर पक्षीकेंद्र सुरू केलं. बेटकरी कस्तुरांसाठी झुडपं रचून त्यात जाळी लावत. तीच कल्पना वाढवून जाळीचं मोठं नरसाळं तयार झालं. पक्ष्याच्या मागून सावकाश चालत जायचं. तो पुढे पुढे सरकत निमुळत्या टोकाच्या पेटीत शिरतो. मग पायात कडं, मोजमाप आणि सुटका. हा ‘हेलिगोलँड सापळा’ आज जगभर वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धात बेट बेचिराख झालं, १९४७ मध्ये उरलेली लष्करी बांधकामं इंग्रजांनी सुरुंगांनी उडवली. पण १९५२ मध्ये बेट जर्मनीला परत मिळालं आणि केंद्राचं काम पुन्हा सुरू झालं.

मुंबईच्या एका माणसाने या केंद्रात कडं घालण्याचं काम शिकून घेतलं होतं. ते म्हणजे बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्याकडे अभ्यासाला गेलेले सालिम अली. १९३० मध्ये ते परतले, नोकरी नव्हती, म्हणून अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची घरटी रोज पाहू लागले. त्या पावसाळ्यात त्यांना काय दिसलं, ते पुढच्या लेखांकात.